‘घेतील’ म्हणणाऱ्या गायधनी बाई

प्रा. वत्सला गायधनी यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या नाशिक रोडच्या घराच्या दारात. मला उद्देशून त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मेजर, जरा हळू बोला. शेजारच्या पोरीची परीक्षा आहे." मी तोफखान्यातला माणूस. तोफांच्या शेजारी उभं राहून कान अर्धे गेलेले, त्यामुळे माझं हळू बोलणंही गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. हा लेखसुद्धा तसाच मोठ्या आवाजात होणार आहे, याची संपादक मंडळाने आधीच नोंद घ्यावी. बाईंच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथात लिहायला मिळतंय म्हटल्यावर आवाज खाली ठेवायचा तरी कसा, तुम्हीच सांगा!

आधी बाईंचं कार्य, मग मूल्यं, मग व्यक्तिगत आठवणी, असा क्रम ठेवा, असं संपादकांनी मला बजावलं आहे. जी सर. प्रयत्न करतो.

बाई शहरातल्या एका महाविद्यालयात व्यवस्थापनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. त्या काळाबद्दल या ग्रंथात त्यांचे सहकारी अधिकारवाणीने लिहितीलच. मला सांगायचंय ते निवृत्तीनंतरच्या कामाबद्दल, ज्याला ना पगार ना दारावर पाटी. फौजेतून बाहेर पडलेला किंवा पडू पाहणारा माणूस बाईंकडे येतो आणि विचारतो, "मला मोठ्या बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश मिळेल का हो?" मग बाई त्याची केस तपासतात. आम्हा मंडळींत शब्दच तो पडलाय, केस. वय किती, प्रवेश परीक्षेत गुण किती, नोकरीत नेमकं केलं काय, पुढे करायचंय काय, घरी कोण कोण आहे, सगळं विचारतात आणि शेवटी अंदाज सांगतात. "घेतील", "कठीण आहे", नाहीतर सरळ "नाही". गोड बोलून कुणाला झुलवत ठेवणं त्यांच्या स्वभावातच नाही. देवळाली कॅम्प हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सुरुवात तिथल्या लोकांपासून झाली. आता थेट ईशान्येकडच्या चौक्यांवरून त्यांना फोन येतात.

हे त्यांनी का सुरू केलं, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांच्या संध्याकाळच्या वर्गात एक कॅप्टन बसायचा. हुशार, मेहनती. त्याला सगळ्या संस्थांनी नाकारलं आणि बाईंना त्याचा इतका राग आला, इतका राग आला, की त्यांनी त्याचे सगळे अर्ज मागवून वाचून काढले. "कॅप्टन चांगला होता हो. कागदावर मात्र भलताच कोणीतरी उतरला होता," त्या म्हणाल्या. तेव्हापासून हे चालू आहे.

आता माझी केस. ही जरा नीट सांगतो, कारण बाई कळायला तीच उपयोगी पडेल.

माझी नोकरी दहा वर्षांच्या मुदतीची. मुदत संपत आली की फौज विचारते, आणखी चार वर्षं थांबता का? हो म्हटलं तर चार वर्षांची भाकरी पक्की, पण त्यानंतर वय इतकं झालेलं असतं की नामवंत संस्था दारातही उभं करत नाहीत. नाही म्हटलं तर गणवेश उतरवायचा, सरकारी घर सोडायचं, आणि माझ्या प्रकारच्या नोकरीला पेन्शन नाही. घरात पत्नी मनीषा, मुलगी अजून बालवाडीत. आणि खरी मेख पुढेच आहे. हो की नाही, हे कळवण्याची मुदत प्रवेशाचा निकाल लागण्याच्या आधी संपत होती! म्हणजे हातात काही नसताना उडी मारायची, किंवा मारायचीच नाही. या पेचात सापडलेला मी, मनीषाला घेऊन, बाईंच्या दारात उभा होतो.

बाईंनी चहा टाकला, चिवड्याची बशी पुढे सरकवली आणि प्रवेशाच्या अर्जासोबत स्वतःच्या कामाबद्दल लिहायचे असतात ते माझे निबंध वाचायला घेतले. मी मोठ्या अभिमानाने ताठ बसलो होतो. बराच वेळ गेला. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मेजर, हे कोणी लिहिलं?"

"मीच, बाई."

"मग तुम्ही यात आहात कुठे?"

मला काही कळेना. बाहेरच्या वाचकांना इथे थोडं सांगायला हवं. फौजेत अधिकाऱ्याला पहिल्या दिवसापासून शिकवतात, की शाबासकी जवानांची आणि चूक तुझी. जेवायला शेवटी बस, बोलणी खायला पहिला हो. मेसमध्ये कुणी "मी केलं" म्हणाला की चार माना वळतात, आणि त्या कौतुकाने वळत नाहीत. ती शिस्त हाडात मुरलेली. त्यामुळे माझ्या निबंधात जे जे चांगलं झालं ते तुकडीने केलं होतं. आणि एकदा बर्फात जनरेटर बंद पडला होता, ती मात्र ‘सर्वस्वी माझी चूक’ होती.

बाई म्हणाल्या, "हे वाचून मला असं समजतं, की तुमच्या तुकडीने दहा वर्षं फारच छान काम केलं. तुम्ही मध्ये असूनसुद्धा!"

मनीषाला असा ठसका लागला की अर्धा चहा साडीवर सांडला.

"हसू नका," बाई तिला म्हणाल्या, पण स्वतःही हसत होत्या. "एकूण एक फौजी हेच करतात. कारखान्यातून आलेला मुलगा बल्ब बदलला तरी ‘मी प्रकाशव्यवस्थेत परिवर्तन घडवलं’ असं लिहितो. आणि हे महाशय! यांनी डोंगर हलवला असेल, तरी लिहितील की डोंगर हलला."

मनीषा सरळ बोलणारी आहे. तिने साडी पुसता पुसता विचारून टाकलं, "बाई, स्पष्टच विचारते. यांना घेतील का?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "यांना घेतील. यांनी लिहिलेल्या या माणसाला कोणी घेणार नाही."

मी खुर्चीतून जवळजवळ उठलोच. बाईंनी हात वर केला. "उड्या मारू नका. परीक्षेचे गुण मध्यम आहेत, ते काही मी वाढवू शकत नाही. तुमच्या यादीतल्या उत्तरेकडच्या संस्थेचं नाव आजच खोडा, तिथे गुणांचीच चाळणी लागते, अर्जाचे पैसे वाया जातील. दक्षिणेतल्या संस्थेत मुलाखतीपर्यंत पोचलात तर घेतील. पण पोचायचं तर हे पुन्हा लिहावं लागेल."

"बाई, तुम्हीच लिहून द्या ना," मी म्हणालो. काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे.

"एक ओळसुद्धा लिहिणार नाही. उद्या मुलाखतीत मी येऊन बसू का तुमच्या जागी?" त्या कडाडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्या हाताखाली काम केलेलं कोणी इकडे जवळपास आहे का?"

होते ना! आमचे हवालदार देवरे निवृत्त होऊन सटाण्याकडे त्यांच्या गावी डाळिंबाची बाग बघत होते. फोन केल्याबरोबर पुढच्याच रविवारी ते डाळिंबांची पिशवी घेऊन बाईंच्या घरी हजर झाले आणि खुर्चीच्या कडेवर सावधान बसले. बाईंनी मला आणि मनीषाला स्वयंपाकघरात पिटाळलं. "तुमच्यासमोर हे बोलायचे नाहीत. डाळिंबं सोला तोवर." आम्ही मुकाट्याने डाळिंबं सोलत बसलो, कान बाहेर.

"देवरे, साहेबांनी लिहिलंय, की बर्फाच्या दिवसांत तुकडीने वरच्या चौक्यांचा पुरवठा सुरळीत ठेवला. खरं का?"

"खोटं बोलस साहेब!" देवरेंची अहिराणी उसळून आली. मग घसा खाकरून ते बाईंना समजेल अशा मराठीवर आले. "तुकडी काय करणार बाई, तुकडीला काय डोकं असतं? सगळं साहेबांचं डोकं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. वरच्या चौक्यांवर सामान खेचरांच्या तांड्यांवरून जायचं. जुनी रीत अशी, की एका तांड्यावर सगळं रॉकेल, दुसऱ्यावर सगळं रेशन, तिसऱ्यावर औषधं. लादायला सोपं, मोजायला सोपं. "साहेब म्हणाले, रॉकेलचा तांडाच वाटेत अडकला तर वर पोरं कच्चे तांदूळ चघळतील का? प्रत्येक तांड्यावर सगळंच थोडं थोडं लादा. झालं! खेचरवाले बिथरले. ते फौजेचे लोक नव्हे, खालच्या गावचे. असं मिसळीचं ओझं बांधायला वेळ जास्त लागतो, आणि ते काही साहेबांच्या हुकमाखाली नव्हते."

"मग साहेबांनी काय केलं?"

"त्यांच्यात जाऊन बसले. त्यांच्याकडून गाठी मारायला शिकले. सकाळी सगळ्यांच्या आधी उभं राहून स्वतः ओझी बांधायला लागले. मग खेचरवाल्यांनाच लाज वाटायला लागली. एका खेचराने तर साहेबांना लाथ पण घातली."

"अरे देवा! कुठे?"

"ते नका विचारू, बाई."

मनीषाने माझ्याकडे असं काही बघितलं की मी डाळिंबात तोंड खुपसलं.

"आणि त्याच हिवाळ्यात बर्फाचा कडा कोसळला," देवरे पुढे म्हणाले. "दोन तांडे मध्येच अडकले. पण जे वर पोचले होते त्यांच्यावर सगळंच होतं ना! एका चौकीवरची चूल विझली नाही, बाई. एका पण नाही."

मनीषा हळूच म्हणाली, "हे मला कधी का नाही सांगितलंत?" खरं सांगतो, माझे डोळे भरून आले होते, आणि डाळिंब काही कांदा नव्हे की त्याच्यावर ढकलावं.

तेवढ्यात देवरेंचा आवाज खाली आला. "आणि त्या जनरेटरचं लिहिलंय का साहेबांनी? त्याचं तेल बघायचं काम माझं होतं, बाई. साहेबांनी माझं नाव पुढे येऊच दिलं नाही."

मला वाटलं, आता बाई हेही निबंधात घालायला सांगणार. किती वजनदार गोष्ट ती! पण बाई म्हणाल्या, "ते राहू द्या देवरे. साहेबांनी झाकलंय ते मी उघडायची नाही." आणि मला बाहेर बोलावून एवढंच म्हणाल्या, "खेचरांचं लिहा. यांनी सांगितलं तेवढंच, वर एक दाणा नको. जवानांचं आहे ते जवानांना द्या. पण तुमचं तुम्ही दडवून ठेवलंत तर तेही खोटंच."

संपादक महाशय, मूल्यं मूल्यं म्हणतात ती हीच. आणखी एक प्रसंग सांगून हा भाग संपवतो. एक निवृत्त सुभेदार बाईंकडे आले होते. वय पन्नाशीकडे झुकलेलं, मनात मोठ्या संस्थेचं स्वप्न. बाईंनी तिथल्या तिथे "नाही" सांगितलं. सुभेदारसाहेब इतके संतापले की चहा न घेता पायात चपला सरकवून चालते झाले. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः त्यांच्या घरी गेल्या. "स्वप्न मोडायला नाही आले, पत्ता बदलायला आले," असं म्हणून गोदाम व्यवस्थापनाच्या एका छोट्या अभ्यासक्रमाची माहिती देऊन आल्या. आज ते सुभेदार मालेगावजवळ हायवेवरच्या एका मोठ्या गोदामाचे प्रमुख आहेत आणि दिवाळीला फराळाचा पहिला डबा बाईंकडे पोचवतात. आणि बाईंना याबद्दल छेडावं तर म्हणतात, "मी काय केलं? फक्त चहा पाजला, तोही त्यांनी घेतला नाही." बाईंचा हिशेब असा, की ज्यांना प्रवेश मिळाला त्यांना तो स्वतःच्या कर्तृत्वाने मिळाला, ज्यांना नाही मिळाला त्यांच्या बाबतीत बाईंचा अंदाज चुकला! बाई, हे फौजी दुखणं तुम्हाला हो कुठून लागलं?

तर मुदतीचा दिवस जवळ आला. मी बाईंना विचारलं, "काय करू? नको म्हणून सही करू?" त्या म्हणाल्या, "अंदाज माझा आहे, उडी तुमची. ती मी तुमच्या वतीने मारणार नाही. अंदाज चुकला तर मात्र पुन्हा बसू, दुसरा रस्ता शोधू. मध्येच सोडणार नाही, एवढं नक्की." रस्त्याने परतताना मनीषा म्हणाली, "करा सही. ज्या बाईंनी तोंडावर ‘तिथलं नाव खोडा’ सांगितलं, त्या ‘इथे घेतील’ हे उगाच म्हणणार नाहीत." मी सही केली. चार वर्षांची भाकरी त्या सहीबरोबर गेली, आणि हातात होता तो फक्त बाईंचा शब्द.

पण वणीजवळच्या आमच्या गावात वेगळंच शिजत होतं. मेजर गांगुर्डेला फौजेने काढलं, अशी बातमी पारावर पोचली आणि पारावरून आईपर्यंत. मी फोनवर किती समजावलं, पण आईचा विश्वास बसेना. हे बाईंना मनीषाकडून कळलं. त्या एसटीने वणीला उतरल्या आणि तिथून रिक्षाने थेट आमच्या ओट्यावर!

आईने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "बाई, येवढा मोठा साहेब ह्यो. आन् आता म्हनतो, परत शाळंत जातो. खरं काय ते सांगा. काढला का त्याला? मी नाय रडनार."

"नाही हो माई. फौज त्याला आणखी चार वर्षं ठेवून घेत होती. त्यानेच नको म्हटलं."

"आं? मंग येडा हाय का ह्यो?"

"मुळीच नाही. माई, द्राक्षं तयार झाली की आणखी महिनाभर वेलावर राहू देता का तुम्ही?"

"नाय बा! सडून जात्यात की."

"याची आत्ता तोडणीची वेळ आहे. चार वर्षांनी कोणी घेणार नाही."

आईला पटलं. एका वाक्यात पटलं! मी महिनाभर फोनवर घसा कोरडा केला होता. त्या दिवशी बाई आमच्याकडे भाकरी आणि ठेचा खाऊन, तिखटाने नाक पुसत, शेवटच्या एसटीने परत गेल्या. दोघींची अशी गट्टी जमली की पुढे आई मला डावलून परस्पर बाईंनाच फोन करायची.

निबंध लिहिला, पाठवला, आणि मुलाखतीचं बोलावणं आलं! मनीषा म्हणाली, गडावर सप्तशृंगीला नवस बोलू या. बाईंनी तिला फोनवरच झापलं. "नवसाने प्रवेश मिळत नसतात, मनीषा. तयारीने मिळतात. देवीला दुसरी कामं नाहीत का?"

मुलाखतीत समोर तिघे जण. मधले गृहस्थ म्हणाले, "फौजेत हुकूम चालतो, मेजर. धंद्यात तुमचा हुकूम कोण ऐकणार?" मी म्हणालो, "सर, खेचरांनीही ऐकला नव्हता." तिघेही हसले, आणि मग मी सगळं सांगितलं. गाठी, खेचरवाले, अडकलेले तांडे. प्रत्येक वेळी ‘तुकडीने’ हा शब्द जिभेवर यायचा आणि मी तो गिळून, जिथे मी होतो तिथे ‘मी’ म्हणायचो. लाथेचं मात्र सांगितलं नाही.

त्यानंतर निकालाची वाट. माझे युनिटमधले शेवटचे दिवस चाललेले, निरोपाची जेवणं होत होती आणि प्रत्येक जण विचारायचा, "पुढे काय?" मी हसून "बघू" म्हणायचो. एका दुपारी सामान बांधत असताना निकालाचा मेल आला. मी वाचला. मनीषाला वाचायला दिला. तिने मोठ्याने वाचला, मग पुन्हा वाचला, आणि मग आम्ही दोघं त्या खोक्यांच्या मध्ये लहान पोरांसारखे नाचलो. मुलगी आम्हाला बघून घाबरून रडायला लागली!

पहिला फोन अर्थातच बाईंना. त्यांनी उचलला, पण श्वास असा लागलेला की शब्द फुटेना. मागे घंटा वाजत होत्या, गर्दीचा गलका होता.

"बाई! कुठे आहात तुम्ही?"

"मी... मी जरा चालायला आलेय. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"चालायला? घंटा कसल्या वाजतायत?"

तेवढ्यात मागून एक आवाज आला. माझ्या आईचा! "कोन हाय वो बाई? पोराचा फोन हाय का? घेतला का त्याला?"

"आई? बाई, तुम्ही दोघी गडावर आहात?"

"त्याचं काय आहे मेजर," बाई घाईघाईने म्हणाल्या, "तुमच्या आईंना यायचं होतं. म्हटलं, एकट्या कशा जाणार, म्हणून मी आपली सोबतीला..."

"खोटं हाय ते!" आई फोनच्या अगदी जवळ येऊन ओरडली. "म्या कवा म्हनलं? बाईंचाच फोन आला, माई चला म्हनल्या, देवीची वटी भरू. समद्या पायऱ्या चढल्या वो, मधी बसल्या बी नाय!"

मनीषाने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "बाई, घेतलं त्यांना." पलीकडून बाईंचा आवाज आला, "मग? म्हटलं नव्हतं मी, घेतील म्हणून?" आणि त्या रडायला लागल्या. आमच्यासमोर एवढ्या ठामपणे अंदाज सांगणाऱ्या बाई गेले कित्येक आठवडे आमच्याइतक्याच घाबरलेल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

बाई, पंचाहत्तरीच्या या सोहळ्याला तुमच्या हातून घडलेले आम्ही सगळे जमणार आहोत, आणि आम्ही फार आनंदात आहोत. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. गुडघे ठणठणीत राहोत, श्वास लांब राहो, आणि तुमचा तो चहा आमच्या मागून येणाऱ्यांना पुढची कित्येक वर्षं मिळत राहो. आणि एक विनंती, फौजी भाषेत हुकूमच समजा. पुन्हा कधी आमच्यापैकी कुणासाठी जीव कासावीस झाला, तर गुपचूप गडाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. आम्हाला हाक मारायची. आम्ही दोन्ही बाजूंनी धरून वर नेऊ.